नमुना पुन्हा मागवला गेला

१२ मार्च, गुरुवार

ती. ताईस,
नमस्कार.

भाऊजींची तब्येत कशी आहे? उजव्या हाताची बोटं थोडी हलायला लागली, असं ठमीकडून कळलं. बरं वाटलं. तू बरी असशीलच. तुला बरं नसायला वेळ कुठे मिळतो!

आठ वर्षांनी लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळते. आधी फोन लावला होता, तीनदा. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे मला माहीत आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण लिहिलेला कागद न वाचता टाकून देणं तुझ्यासारख्या व्याकरणाच्या बाईंना जमायचं नाही. माझ्या चुका काढायला का होईना, वाचशील.

ठमी तुला रोज फोनवर सांगते, "सगळं ठीक आहे आई, वजन कमी आहे इतकंच." मला तिने बजावलंय, "मावशी, आईला यातलं काही कळवू नकोस. बाबांना सोडून तिला येता येणार नाही. तिथे बसून नुसती झुरेल." मी मान डोलावली आणि खाली येऊन हा कागद पुढे ओढला. तुझ्यापासून लपवून एकदा बघितलंय. त्याचं काय झालं ते आपण दोघी जाणतो. या वेळी जे आहे ते जसंच्या तसं लिहिणार.

तर तुझी नात तीन तारखेला झाली, तेरा आठवडे आधी. वजन आठशे वीस ग्रॅम. मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखते आणि ती चौथ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, पाच नंबरच्या. तिथल्या सिस्टर तिला "आठशेवाली" म्हणतात. बाळांना अजून नावं नसतात ना, मग वजनावरून हाक मारतात. शेजारी एक "दीड किलो" आहे, तो त्यांच्यात पैलवान.

कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. नाळेतून एक बारीक नळी घातलीये, तिच्यातूनच साखर, चरबी, औषधं सगळं जातं. ठमी दर तीन तासांनी दूध काढून देते आणि त्यातले थेंब मोजून बाळाला पाजतात. काल तिला पहिल्यांदा उघड्या छातीवर घेऊ दिलं, पाऊण तास. ठमी श्वास धरून बसली होती. शेवटी सिस्टरच म्हणाली, "अहो, तुम्ही घ्या की श्वास. तिच्यासाठी मशीन आहे."

जावई जहाजावर आहेत, त्यांना उतरायला अजून सहा आठवडे आहेत. म्हणून ठमीजवळ मीच. दुपारी डबा घेऊन जाते, समोर बसून खायला लावते.

आता न आवडणारं सांगते. कालपासून बाळ मलूल आहे. साखर वाढलीये, प्लेटलेट्स खाली येताहेत. डॉक्टर म्हणतात, संसर्ग असू शकतो. रक्त तपासायला घेतलंय, लघवी उद्या घेतील. ती खाली आमच्याकडेच येईल.

काळजी घे असं लिहीत नाही. तू घेणारच.

तुझी,
धाकटी


१८ मार्च, बुधवार

ती. ताईस,
नमस्कार.

पहिलं पत्र पोचलं असं ठमी म्हणाली. तू तिला फोन केलास आणि म्हणालीस, "मला सगळं माहीत आहे, आता खोटं बोलू नकोस." त्यावर ती माझ्यावर तासभर चिडली आणि नंतर माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणजे माझ्या चुगलीचा उपयोग झाला.

बाळाला बुरशीचा संसर्ग झालाय, रक्तात. काल दुपारपासून औषध चालू आहे.

बुरशी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरची हिरवी ओल येईल. ही तशी नाही. हिला यीस्ट म्हणतात. तुझ्या-माझ्या तोंडात, आतड्यात, कातडीवर ती आयुष्यभर राहते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. पुस्तकात हिच्या जातीला "संधीसाधू" म्हणतात. (आपल्या नात्यातले कोण कोण तुला आठवले असतील ते मला ठाऊक आहे.) आपल्या अंगातल्या पांढऱ्या पेशी हिच्यावर पाळत ठेवून असतात. शिवाय शेजारी राहणारे चांगले जंतू हिला हातपाय पसरू देत नाहीत.

आठशे ग्रॅमच्या बाळाकडे यातलं काहीच नसतं. आईच्या रक्तातली तयार संरक्षक द्रव्यं शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातात, आणि आपल्या बाईसाहेब ती शिदोरी बांधून व्हायच्या आधीच निघाल्या. पांढऱ्या पेशी आहेत, पण मोजक्या आणि नवशिक्या. शत्रू कुठे आहे ते त्यांना लवकर समजत नाही, समजलं तरी तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि पोचल्यावर गिळलेली यीस्ट मारायची ताकद अपुरी पडते. राखीव साठा तर नाहीच. कातडी पातळ, त्यात ती नळी. आणि जन्मापासून दिलेल्या अँटिबायोटिक्सनी शेजारचे चांगले जंतूही मारून टाकलेले. मोकळं रान मिळालं.

म्हणून इतक्या लहान बाळात वेळेला फार किंमत असते.

शुक्रवारी लघवीचा नमुना आला होता. रविवारी सकाळी जंतू वाढवायच्या ताटलीवर थोडे पांढरे ठिपके दिसले. पण तो पिशवी चिकटवून घेतलेला नमुना होता आणि तशा नमुन्यात कातडीवरची भेसळ होतेच, त्यामुळे नमुना पुन्हा मागवला गेला. सोमवारी बाळ दोनदा श्वास घ्यायचं विसरलं. पुन्हा रक्त घेतलं. मंगळवारी सकाळी आमचं मशीन ओरडलं. रक्ताच्या बाटल्या त्यात ठेवतो आणि आत काही वाढलं की ते शिट्टी देतं. मी बाटली काढली, काचपट्टी रंगवून भिंगाखाली ठेवली. गोल गोल पेशी, एकेकीला बाजूने अंकुर आलेला. वर फोन केला.

"पाच नंबर. रक्तात यीस्ट."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आठशेवाली?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढच्या तासाभरात नळी काढली गेली, हाताच्या शिरेत दुसरी सुई गेली, आणि बाराच्या सुमारास औषधाचा पहिला डोस. जहाल औषध आहे, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. बुरशी मेंदूत, डोळ्यांत, हृदयात जाऊन बसते का, ते येत्या आठवड्यात तपासतील. माझा जीव टांगणीला लागलाय, तुझं काय होत असेल!

ठमीने मला एक विचारलं, ते तुला लिहू की नको असं झालंय. म्हणाली, "मावशी, मी तिला छातीवर घेतलं ना, माझ्यातून गेलं का ते?"

मी म्हटलं, असं कुणालाच सांगता येत नाही. हे खरं आहे. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यातूनच."

आज इतकंच. लॅबमध्ये कामाचा ढीग पडलाय.

तुझी,
धाकटी


२४ मार्च, मंगळवार

ती. ताईस,
नमस्कार.

शनिवारी तुझा मेसेज आला. आठ वर्षांतला पहिला. मी जिन्यात उभी होते, तिथेच वाचला.

"‘नमुना पुन्हा मागवला गेला.’ कर्ता कोण?"

ना खुशाली, ना सही. मी जिन्याच्या पायरीवर बसले. माणसं बाजूने जात-येत होती. एका वॉर्डबॉयने विचारलं, "मावशी, चक्कर आली का?" मी हो म्हटलं.

तीन दिवस उत्तर दिलं नाही. तुला काय उत्तर द्यायचं ते मला पहिल्याच मिनिटाला माहीत होतं. आता व्याकरण बरोबर करून लिहिते.

नमुना मी पुन्हा मागवला.

रविवारी लॅबमध्ये मी एकटी होते. नऊच्या सुमाराला ताटली उघडली. नऊ ठिपके, सायीच्या रंगाचे, कडा गुळगुळीत. हे काय आहे ते मला भिंगाशिवाय कळतं. पंचवीस वर्षं हेच करतेय. आमच्या भिंतीवर एक कागद आहे: हजार ग्रॅमच्या आतल्या बाळाच्या कुठल्याही नमुन्यात यीस्ट दिसली तर लिहीत बसायचं नाही, आधी वर फोन करायचा. तो कागद माझ्या अक्षरात आहे, ताई. नवीन मुली लागतात त्यांना मी तो पाठ करायला लावते. एकीने मागे फोन केला नव्हता, तर तिला मी सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

चिठ्ठीवर बाळाला नाव नसतं, आईचं असतं. ठमीचं नाव वाचलं आणि माझा हात फोनकडे गेलाच नाही.

मी ताटली उजेडात धरली. खाली ठेवली. परत धरली. म्हटलं, नऊच तर आहेत. म्हटलं, पिशवीचा नमुना आहे. आमच्याकडे "भेसळ" हा फार सोयीचा शब्द आहे, तो लिहिला की आपली जबाबदारी पुन्हा नमुना घेणाऱ्यावर जाते. मी लिहिलं, "भेसळ असावी. नमुना पुन्हा पाठवा." आणि कॉम्प्युटरवर सोडून दिलं. रविवारी तो रिपोर्ट वर कोण बघणार होतं? आमचा फोन आला नाही की वरचे लोक सुखाने समजतात, काही नसेल. त्यांचा विश्वास आहे आमच्यावर. मोठ्या सिस्टर नंतर मला म्हणाल्या, "तुमचा फोन नव्हता, म्हणून मी सरांना म्हटलं की लघवीत काही नाही."

दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर पाच मिनिटांत फोन केला असता. तुला वाटेल, तुझ्यावरच्या रागाने केलं. खरंच तसं वाटत असेल तर मी तुला दोष देणार नाही. पण तसं नव्हतं. ते नसावं असं मला वाटत होतं, इतकं वाटत होतं की मी ते नाहीच करून टाकलं.

अजून एक आहे, ते आमच्या लॅबप्रमुख मॅडमनाही सांगताना माझी जीभ अडखळली. ही यीस्ट कुठली ते बघायची एक सोपी रीत असते. ठिपक्यातलं थोडं घेऊन काचनळीतल्या सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या निवळीत घालायचं, उबदार कपाटात ठेवायचं, आणि तीन तासांच्या आत काढून भिंगाखाली बघायचं. तिला लांब कोंब फुटले असतील तर ती वाईट जात. मी ते घालून ठेवलं होतं, ताई. साडेनऊला. म्हणजे मला भेसळ वाटत नव्हती. साडेबारा वाजले, एक वाजला. मी कपाटाच्या समोरून चार वेळा गेले. दोनला ड्यूटी संपली, हात धुतले आणि ती नळी न बघता डबा घेऊन वर ठमीकडे गेले. तिला समोर बसून जेवायला घातलं. तिने विचारलं, "लघवीचं काही कळलं का गं?" मी म्हटलं, "पुन्हा घ्यायला सांगितलंय, नीट घेतला नव्हता."

सोमवारी माझी सुट्टी होती. मंगळवारी मशीन ओरडल्यावर मी आधी वर फोन केला आणि मग ते कपाट उघडलं. नळीतला थेंब भिंगाखाली ठेवला, नुसते कोंबच कोंब होते. मी ती नळी फेकून दिली.

रविवार सकाळी नऊ ते मंगळवार दुपारी बारा. एक्कावन्न तास. तिच्या त्या मूठभर पांढऱ्या पेशी एकट्याच लढत होत्या आणि खाली मला सगळं ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "तू माझे तीन आठवडे घेतलेस." आईचा रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी तुला सांगत राहिले, यायचाय, यायचाय. ठमीचं लग्न होऊ दे, मग सांगू, असं मी म्हणत होते. मी तेव्हा जगाला सांगत फिरले की मी तुझ्या लेकीच्या लग्नात विघ्न नको म्हणून केलं, आणि ताई मात्र कशी कृतघ्न. आता कळतं, लग्न हे निमित्त होतं. लग्न नसतं तर मी दुसरं काही शोधलं असतं. वाईट बातमी खरी आहे हे माझ्या तोंडून निघणं मला सहन होत नाही, आणि मी पोटाला हेच काम निवडलं. हसू येतं का बघ.

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "लेखी द्या." मी दिलं. सध्या मला ताटल्यांना हात लावायचा नाही, खिडकीवर बसून आलेल्या नमुन्यांची नोंद करायची. पुढचं चौकशी झाल्यावर. बरोबर आहे त्यांचं.

मॅडमना सांगण्याचं धाडस मला तुझ्या मेसेजमुळे आलं असं लिहिलं तर छान दिसेल. पण कारण ठमी. मंगळवारपासून ती बाळाला छातीवर घेत नव्हती. सिस्टर म्हणायच्या, घ्या, तिला त्याने बरंच वाटेल. ठमी हात मागे घ्यायची. दूध काढून द्यायची, पण ते देतानाही बाटलीकडे अशी बघायची की जणू त्यात विष आहे. सहा दिवस. आणि मी शेजारी बसून म्हणत होते, "अगं, तुझा काय दोष?" कुणाचा आहे ते न सांगता.

आज सकाळी सांगितलं. पेटीजवळच, दोन स्टुलांवर. मी म्हटलं, "ठमे, बुरशी कुठून आली ते कुणालाच सांगता येणार नाही. उशीर कुठून झाला ते मला सांगता येतं." आणि सांगितलं. नळीचंसुद्धा.

तिने मध्ये एकच विचारलं, "रविवारी किती वाजता?"

"नऊ."

ती म्हणाली, "आणि दुपारी तू मला डबा आणून दिलास."

"हो."

"मी दोन वेळा वाढून घेतलं होतं, मावशी. इतक्या दिवसांनी भूक लागली होती."

तिने मान वळवून सिस्टरना हाक मारली, "सिस्टर, बाळ द्याल का माझ्याकडे?" शर्टाची बटणं काढली. सिस्टरनी नळ्या, तारा सांभाळत बाळाला तिच्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं पांघरलं. ठमीने हनुवटीने तिच्या डोक्याला स्पर्श केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा आता."

मी आले. पुन्हा ये, असं ती म्हणाली नाही. येऊ नकोस, असंही म्हणाली नाही.

आता बाळाचं. कालच्या रक्तात काही वाढलेलं नाही, त्याच्या आधीच्यातही नाही. प्लेटलेट्स वर चढताहेत. पांढऱ्या पेशींची संख्या या आठवड्यात तिप्पट झाली, तिच्या स्वतःच्या. मूत्रपिंडं स्वच्छ दिसली, हृदयही. मेंदूच्या सोनोग्राफीत काही आढळलं नाही. वजन आठशे नव्वद, म्हणजे सिस्टरना आता नवीन नाव शोधावं लागेल.

राहिलेत डोळे. बुरशी डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसली असेल तर ते उद्या दिसेल. उद्या दहा वाजता डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. एक्कावन्न तासांत तिथवर पोचायला तिला वेळ मिळाला का, हेच त्यांना बघायचंय. त्यांना तो आकडा माहीत नाही, पण मला माहीत आहे.

आत्ता सकाळचे साडेअकरा झालेत. हे पत्र मी आजच टाकणार आहे, उद्या दहाच्या आधी. थांबले आणि निकाल चांगला आला तर मी ते टाकणार नाही. म्हणेन, काही बिघडलं नाही ना, मग कशाला तुला दुखवायचं. मी मला चांगली ओळखते. आणि वाईट आला तर हे कबूल करणं म्हणजे नुसतं दया मागणं होईल. म्हणून निकाल माहीत नसताना सांगतेय. नातीचे डोळे कसेही असोत, मी केलं ते इतकंच आहे, ना कमी ना जास्त.

उद्याचा निकाल ठमी तुला कळवेल. मला कळवेल की नाही, ते तिने ठरवायचं.

भाऊजींना नमस्कार.

उशीर मी केला.

तुझी धाकटी बहीण